जुन्या नावाला ओ देणारं कर्नल

लिनक्सवर चालणारं यंत्र सर्व्हर असो वा खिशातला अँड्रॉइड फोन, त्याच्या कर्नलला शेकडो सेटिंग्ज असतात. मेमरी भरत आली की डिस्ककडे किती लवकर वळायचं, नेटवर्कच्या किती जोडण्या एका वेळी सांभाळायच्या, फाइली किती उघडू द्यायच्या, असल्या गोष्टी त्यांतून ठरतात. बहुतेक ठिकाणी ही सेटिंग्ज कुणीतरी एकदाच लिहिलेली असतात. लिहिणारा माणूस नोकरी सोडून जातो, यंत्र बदलतं, पण सेटिंगची फाइल नव्या यंत्रावर जशीच्या तशी उतरवली जाते. कर्नलची साफसफाई करायला बसलेल्या माणसासमोर मात्र फक्त त्याचा कोड असतो. जगभर पसरलेल्या त्या फाइली त्याला कधीच दिसत नाहीत. न दिसणाऱ्या त्या फाइलींची बूज राखत घर कसं आवरायचं, याची एक रीत गेल्या तीस वर्षांत घडत गेली.

जुन्या युनिक्समध्ये कर्नलला रीतसर काही विचारायची सोय फारशी नव्हती. यंत्रावर काय काय चालू आहे ते दाखवणारा 'पीएस' हा प्रोग्राम कर्नलची मेमरी सरळ उघडून वाचायचा. त्यासाठी 'केमेम' नावाची खास फाइल असे. कर्नलच्या बायनरीतून हवा तो तक्ता मेमरीत कुठल्या पत्त्यावर आहे ते शोधायचं आणि तिथले बाइट उचलायचे, अशी पद्धत. यात कर्नलची आतली रचना हाच बाहेरच्यांशी झालेला करार ठरत होता. आतल्या एखाद्या तक्त्यात एक रकाना वाढला की पीएस पुन्हा कंपाइल करावा लागे, नाहीतर तो काहीतरी भलतंच दाखवी किंवा बंद पडे. शिवाय कर्नलची अख्खी मेमरी वाचायचा अधिकार एका साध्या यादीसाठी द्यावा लागे, तो धोका वेगळाच.

यावरचा शहाणा तोडगा बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून आला. १९९३ च्या ४.४बीएसडीमध्ये 'सिसकंट्रोल' नावाचा सिस्टिम कॉल होता. कर्नलच्या माहितीचं एक झाड कल्पून त्याच्या प्रत्येक फांदीला क्रमांक दिला होता. कर्नलची फांदी १, त्यात यंत्राचं नाव १०, म्हणजे १.१० विचारलं की यंत्राचं नाव मिळायचं. आतली रचना कशीही बदलली तरी हा प्रश्न आणि त्याचं उत्तर तसंच राहणार होतं. मला हा या रीतीचा खरा मूळपुरुष वाटतो. आतलं घर आणि बाहेरचं दार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे पहिल्यांदा कर्नलच्या सेटिंग्जच्या बाबतीत नीट मांडलं गेलं.

लिनक्सने ही कल्पना १९९६ साली, १.३.५७ या आवृत्तीत घेतली. पण क्रमांक स्वतःचे ठरवले. बीएसडीत नेटवर्कची फांदी ४, तर लिनक्समध्ये ३. आणि त्याच वेळी दुसरं एक दार उघडलं, ज्याने पुढचा सगळा इतिहास बदलला. चालू प्रोग्रामची माहिती फाइलींच्या रूपात दाखवायची युक्ती बेल लॅब्जच्या टॉम किलियन यांनी १९८४ मध्ये मांडली होती. लिनक्सच्या 'प्रॉक' फाइलसिस्टिममध्ये ती आलेली होतीच. तिथेच 'सिस' नावाचं फोल्डर निघालं आणि प्रत्येक सेटिंग ही त्यातली एक छोटी फाइल झाली. वाचायचं तर फाइल वाचा, बदलायचं तर तिच्यात आकडा लिहा. वेगळा प्रोग्रामही लागत नाही, शेलची एक ओळ पुरते.

आता एकाच सेटिंगला क्रमांकाचं आणि नावाचं अशी दोन दारं झाली. क्रमांकाचं दार हळूहळू ओस पडत गेलं आणि त्याला कारण होतं. क्रमांक द्यायचे तर कुणीतरी एक वही सांभाळायला हवी. एखाद्या वितरकाने आपल्या कर्नलमध्ये नवं सेटिंग घालून पुढचा मोकळा क्रमांक घेतला, तर मूळ कर्नलमध्ये तोच क्रमांक दुसऱ्या कशाला तरी मिळायचा. मग एकाच क्रमांकाचे दोन यंत्रांवर दोन अर्थ. नावांची अशी टक्कर क्वचितच होते, आणि झाली तर लगेच दिसते. फ्रीबीएसडीने याच दुखण्यावर वेगळा इलाज केला. नवे क्रमांक कर्नलने आपोआप द्यायचे आणि प्रोग्रामने नाव सांगून क्रमांक विचारून घ्यायचा, अशी सोय तिथे आहे.

लिनक्सने क्रमांकाचं दार बंद कसं केलं, ते सावकाश पाहण्याजोगं आहे. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या २.६.२४ पासून हा कॉल कुणी वापरला की कर्नल आपल्या लॉगमध्ये ताकीद लिहू लागलं. त्या ताकिदीलाही एक अपवाद होता. यंत्रात प्रोसेसर अनेक आहेत का हे ओळखण्यासाठी जुनी थ्रेड लायब्ररी याच वाटेने कर्नलची आवृत्ती विचारायची. तेवढ्या एका प्रश्नाला ताकीद नको, कारण तो विचारणाऱ्या वापरकर्त्याच्या हातात काहीच नव्हतं, असं ठरवून कोडमध्ये तशी ओळ घातली गेली. पुढे २.६.३३ मध्ये, म्हणजे २०१० च्या सुरुवातीला, एरिक बीडरमन यांनी क्रमांकांची सगळी यंत्रणा कर्नलच्या गाभ्यातून उचलून बाजूच्या एका फाइलीत नेली. जुना क्रमांक आला की तिथला तक्ता पाहून त्याचं नाव काढायचं आणि नावाच्या दाराने काम करून द्यायचं. गाभा मोकळा झाला, पण जुन्या प्रोग्रामला काही फरक जाणवला नाही. सिस्टिम कॉल प्रत्यक्षात काढला गेला तो जानेवारी २०२० मध्ये, ५.५ या आवृत्तीत. पहिली ताकीद आणि शेवटचा निरोप यांत बारा वर्षं गेली. ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी यंत्रांवर त्या कॉलचा क्रमांक १५६ होता. तो आजही दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. एखाद्या जुन्या बायनरीने तो वापरला तर 'अशी सोय नाही' एवढंच उत्तर मिळतं, भलतंच काम होत नाही.

आपल्याकडे जमिनीचं एकत्रीकरण होऊन गावोगावी सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. आजोबांच्या खरेदीखतावर मात्र जुनाच नंबर असतो, म्हणून जुन्या-नव्या नंबरांचा मेळ दाखवणारं दप्तर जपून ठेवावं लागतं. बीडरमन यांचा तक्ता हे नेमकं तसलं दप्तर होतं.

या सगळ्यामागे लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी वर्षानुवर्षं लावून धरलेला एक नियम आहे. कर्नल बदलल्यामुळे कालपर्यंत चालणारा प्रोग्राम आज चालेनासा झाला, तर चूक कर्नलची. तो प्रोग्राम कसा का लिहिलेला असेना. या नियमाची दुसरी बाजूही आहे. ज्याचं मोडणं कुणालाच जाणवत नाही, ते काढायला हरकत नाही.

नियमाची खरी परीक्षा एका छोट्या फाइलीने घेतली. मेमरी पूर्ण संपली की कर्नलला कुठला तरी प्रोग्राम मारून जागा करावी लागते. कुणाला आधी मारायचं आणि कुणाला वाचवायचं हे सांगण्यासाठी प्रत्येक प्रोग्रामच्या खात्यात 'ऊम-अ‍ॅड्ज' नावाची फाइल होती. तिच्यात −१७ ते १५ एवढे आकडे चालत. −१७ म्हणजे याला हात लावायचा नाही. एक घर पुढे सरकलं की वजन दुप्पट होई, त्यामुळे अंदाज बांधणं अवघड होतं. २०१० मध्ये २.६.३६ आवृत्तीत डेव्हिड रिएन्ट्येस यांनी हा हिशेब नव्याने लिहिला. 'ऊम-स्कोअर-अ‍ॅड्ज' ही नवी फाइल आली, −१००० ते १००० अशी सरळ मोजपट्टी. जुनी फाइल ऑगस्ट २०१२ मध्ये काढायची असं जाहीर झालं, आणि ३.७ आवृत्तीच्या तयारीत, ऑक्टोबर २०१२ मध्ये, ती खरोखर काढलीही. मुदत दिली होती, ताकीद दिली होती, कागदोपत्री सगळं रीतसर होतं. तरी नोव्हेंबरमध्ये ती परत आणावी लागली. जुन्या कर्नलशी जुळणारं दार हवं, म्हणून रिएन्ट्येस यांनीच ती परत बसवली.

परत बसवताना जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. जुन्या फाइलीत −८ लिहिलं तर कर्नल त्याला १००० ने गुणून १७ ने भागतं आणि नव्या मोजपट्टीवर −४७० धरतं. −१७ चं याच हिशेबाने बरोबर −१००० होतं, म्हणून 'याला हात लावायचा नाही' या अर्थात कसूर होत नाही. मधल्या आकड्यांचा जुना दुपटीचा हिशेब नव्यात तंतोतंत उतरत नाही, पण टोकांचा अर्थ जसाच्या तसा राखला आहे. लॉगमध्ये एकदाच सूचना येते आणि काम होतं. काढून टाकायची तारीख या वेळी दिली नाही. काढायच्या गोष्टींच्या तारखा ज्या यादीत लिहीत, ती यादीच टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षी कर्नलच्या कागदपत्रांतून काढून टाकली होती. तारीख लिहिली म्हणून वापरणारे लोक त्या तारखेला जागे होत नाहीत, हे या प्रसंगातून पुरेसं दिसलं.

एकक बदलायचं तेव्हाही नावानेच वाट काढून दिली. शेजारचं यंत्र किती वेळ ओळखीचं धरायचं, हे सेटिंग सेकंदांत होतं. मिलिसेकंदांची गरज पडली तेव्हा २.६.१२ मध्ये शेपटीला 'एमएस' लावून नवं सेटिंग काढलं, जुनं सेकंदांतच ठेवलं. तेच जुनं नाव ठेवून एकक बदललं असतं, तर ३० सेकंदांचे ३० मिलिसेकंद झाले असते आणि कुठेही चूक दाखवणारा संदेश दिसला नसता.

मुकाट बिघाड कसा होतो हे 'स्वॉपीनेस'ने दाखवलं. मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवायची कर्नलची ओढ किती, याचा हा आकडा, मूळ किंमत ६०. डेटाबेस सांभाळणारे लोक तो शून्य करून ठेवत. शून्य म्हणजे शक्यतो हलवू नको, अगदी नाइलाज झाला तर हलव. २०१२ मध्ये ३.५ आवृत्तीत शून्याचा अर्थ कडक झाला आणि कर्नल ही हलवाहलव, म्हणजे स्वॉप, जवळजवळ शेवटपर्यंत टाळू लागलं. हा बदल जुन्या आवृत्त्या चालवणाऱ्या वितरकांच्या कर्नलमध्येही उतरला. स्वॉपमध्ये जागा मोकळी असताना डेटाबेस मारले जाऊ लागले. फाइल तीच, नाव तेच, आकडाही तोच, तरी करार मोडला होता. तेव्हापासून जाणकार शून्याऐवजी १ लिहायला सांगतात. नाव जपलं म्हणजे सगळं जपलं असं नाही, हे यापेक्षा स्पष्ट करणारं उदाहरण मला माहीत नाही.

सगळीच जुनी नावं जपावीत असंही नाही. 'टीडब्ल्यू-रिसायकल' हे नेटवर्कचं सेटिंग वेग वाढवायचा रामबाण उपाय म्हणून कित्येक वर्षं एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर उतरवलं गेलं. एकाच पत्त्यामागे अनेक यंत्रं असली की, म्हणजे कुठल्याही ऑफिसच्या वा मोबाइल कंपनीच्या नेटवर्कमधून लोक आले की, त्यांतल्या काहींची जोडणी ते गुपचूप नाकारायचं. पुढे ४.१० मध्ये, हे सेटिंग ज्यावर विसंबून होतं तो वेळेचा शिक्का प्रत्येक जोडणीला वेगळा मिळू लागला आणि या सेटिंगचा पायाच गेला. २०१७ च्या ४.१२ मध्ये ते काढलं, आणि ते योग्यच झालं. असं नाव जपणं म्हणजे धोका जपणं होतं. सेटिंग लावणारी आज्ञा तेव्हापासून 'अशी फाइल नाही' असं सांगते. अशा नावांवर अडून न राहता पुढे जायची सोयही तिच्यात आहे.

२०२१ च्या ५.१३ मध्ये प्रोसेसरची पाळी ठरवणाऱ्या शेड्युलरची काही सेटिंग्ज मात्र डीबगच्या कोपऱ्यात हलवली गेली, तिथे मला तितकं समाधान वाटत नाही. ती डीबगसाठीच होती, तिथे कायमपणाचा शब्द कुणी दिला नव्हता, हे खरं. पण सर्व्हर जुळवणारी टूल्स वर्षानुवर्षं ती वापरत होती आणि त्यांना दोन्ही जागा शोधत बसावं लागलं. काही काळ जुन्या जागेवर एक ताकीद ठेवली असती तर हे टळलं असतं.

खरी मोठी साफसफाई याच काळात आतल्या बाजूला चालली होती. सगळ्या सेटिंग्जचा तक्ता एका अवाढव्य फाइलीत होता आणि सगळे त्याच फाइलीत हात घालत. मार्च २०२२ च्या ५.१७ पासून लुइस चेंबरलेन, शाओमिंग नी आणि इतरांनी ते तक्ते ज्याच्या-त्याच्या खात्यात हलवायला घेतले. मग प्रत्येक तक्त्याच्या शेवटी 'इथे संपलं' सांगणारी ६४ बाइटची रिकामी ओळ होती, ती जोएल ग्रानाडोस यांनी तक्त्यागणिक काढत आणली. इतकं सगळं हललं, पण बाहेरच्या फाइलींच्या वाटा जिथल्या तिथे राहिल्या.

कर्नल बांधतानाची जी सेटिंग्ज असतात त्यांना ही रीत अगदी अलीकडे मिळाली. तिथे नाव बदललं की जुन्या फाइलीतलं उत्तर कर्नल सरळ विसरायचं आणि नव्या नावाची मूळ किंमत घ्यायचं. त्यामुळे मुद्दाम चालू केलेलं सुरक्षेचं सेटिंग कुणाच्या नकळत बंद होऊ शके. प्रोग्रामची वाट कुणी भलतीकडे वळवू नये म्हणून असलेल्या संरक्षणाच्या नावात 'क्लँग' या कंपायलरचं नाव होतं, आणि ते काढायचं होतं. त्यासाठी केस कुक यांनी २०२५ च्या अखेरीस आलेल्या ६.१८ मध्ये 'ट्रान्झिशनल' अशी खूण आणली. ती लावलेलं जुनं नाव जुन्या फाइलीतून वाचलं जातं, त्याचं उत्तर नव्या नावाला दिलं जातं, आणि नव्या फाइलीत जुनं नाव लिहिलं जात नाही.

तुमच्याकडे सर्व्हर सांभाळायला असेल, तर सेटिंगच्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या वर ती का घातली, कुणी घातली आणि कुठल्या आवृत्तीवर तपासली, हे आजच लिहून ठेवा. आणि कारण सापडत नसलेली ओळ नव्या यंत्रावर नेण्याआधी ती ओळ वगळून एकदा चालवून पाहा.