खिशातला चाकू आणि कायद्याची इंचपट्टी

सणवार किंवा निवडणूक आली की पेपरात एक बातमी ठरलेली असते: 'जिल्ह्यात मनाई आदेश लागू'. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम ३७. यादी वाचा एकदा. तलवारी, भाले, बंदुका, सोटे, सुरे... आणि चक्क काठ्या! म्हणजे काठी टेकत देवळात जाणारे तात्यासुद्धा कागदोपत्री संशयित. (त्यांना कोणी अडवत नाही, ते सोडा.)

पण एरवी काय? शस्त्र कायदा १९५९ चा आणि त्याखालच्या नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यालाच परवाना लागतो. त्यातही घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेली पाती वगळलेली आहेत. मग खिशातल्या घडीच्या चाकूला आपण एवढे दचकतो कशाला?

माझ्या मते याला बऱ्याच अंशी आपला हिंदी सिनेमा जबाबदार. उत्तर प्रदेशातलं रामपूर हे जुनं नवाबी संस्थान, १९४९ साली भारतात विलीन झालेलं. शेजारी पितळेसाठी प्रसिद्ध मुरादाबाद. रामपूरच्या कारागिरांचा घडीचा चाकू म्हणजे पितळी मूठ, कधी माशाच्या आकाराची, आणि लांब निमुळतं पातं. एक प्रकार बटणाचा, दुसरा गरारीचा. गरारी म्हणजे दाते. पातं उघडताना कट्-कट्-कट् असा आवाज येतो. मुंबईच्या स्टुडिओंना तो आवाज इतका आवडला की 'रामपुरी' म्हटलं की गुंडच डोळ्यांसमोर यायला लागला. १९५० नंतर जन्मलेल्या कुठल्याही माणसाला विचारा.

आमच्या आजोबांच्या बंडीत मात्र साधा घडीचा चाकू असायचा. ऊस सोलायला, सुतळी तोडायला, कैरीच्या फोडी करायला. महिन्या-दोन महिन्यांनी दारावर धारवाला यायचा, चार आण्यांत काम व्हायचं. त्या चाकूला गावात कोणी हत्यार म्हटलं नाही.

स्वित्झर्लंडने १८९१ पासून सैनिकांना घडीचा चाकू दिला, आणि आज तोच त्या देशाची ओळख म्हणून विमानतळावरच्या दुकानांत मिळतो. आपल्याकडे उलटं झालं. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणदार, गरारीदार आणि स्प्रिंगचे चाकू थेट निर्बंधाखाली आले. माप काय, तर पातं ७.६२ सेंमी म्हणजे ३ इंच किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंमी किंवा जास्त रुंद. गुन्हे होत होते, मान्य. पण देशाचा नियम ९ इंच आणि राजधानीचा ३, यात सरळ माणसाने खिशात पट्टी ठेवायची का? माझं म्हणणं एवढंच की हेतू बघा. शेतमजुराच्या खिशातला चाकू आणि मारामारीला निघालेल्याच्या कमरेचा चाकू यांत फरक आहे, आणि तो ओळखणं हे पोलिसाचं कामच आहे.

रामपुरात २०२३ साली एका चौकात सुमारे २० फुटी रामपुरी चाकू उभारला. त्याला 'चाकू चौक' म्हणतात, लोक सेल्फी काढतात. तिथून दोनेकशे किलोमीटरवर, दिल्लीत, त्याचाच चार इंची भाऊ खिशात सापडला तर पोलीस ठाणं.