शस्त्रपरवाना (वाशीम जिल्हा)

बंदूक, पिस्तूल यांसारखी अग्निशस्त्रे बाळगण्यासाठी वाशीमच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळणारा परवाना. शस्त्रे हा राज्यघटनेने केंद्राकडे सोपवलेला विषय आहे. त्यामुळे त्याबाबत राज्याराज्यांचे वेगळे कायदे नाहीत. वाशीमलाही शस्त्र अधिनियम, 1959 आणि शस्त्र नियम, 2016 हेच लागू आहेत. स्वयंचलित शस्त्रे आणि बाराचा आवाज वा ज्वाला दाबणारी साधने प्रतिबंधित वर्गात येतात. त्यांचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही. केंद्राच्या खास परवानगीविना प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास 2019 च्या दुरुस्तीनुसार 7 ते 14 वर्षे कारावास आहे.

वाशीमकरांचा या कायद्याशी खरा संबंध येतो तो पिकाच्या राखणीमुळे. सोयाबीन, तूर, हरभऱ्यात रानडुकरे आणि रोही (नीलगायी) घुसतात. शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 नुसार पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागता येतो. तिच्या नळीत तोंडाकडून दारू आणि छर्रे घालून गजाने ठासावे लागतात. एक बार उडाला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. तोवर कळप वावर तुडवून पसार! ही बंदूक पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटल्यास किमान 20 इंच लांब, गुळगुळीत नळीची बंदूक देता येते.

मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. जनावर मारायला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली वेगळी परवानगी लागते. त्याच कायद्याचे कलम 34 कारंजा तालुक्यात विशेष जाचते. तिथे काळविटांसाठी राखलेले कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे. अभयारण्यापासून 10 किमीच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही. जुन्या परवानाधारकांनाही वनखात्याकडे नाव नोंदवावे लागते. हेतू रास्त आहे, पण जिथे राखणीची गरज मोठी तिथेच बंदूक मिळणे अवघड, हा पेच कायद्याने सोडवलेला नाही.

अर्जदाराचे वय किमान 21 हवे. पोलिसांचा अहवाल मागवला जातो. परवाना 5 वर्षांचा असतो आणि सर्वसाधारणपणे एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात. वरातीत बेदरकारपणे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास 2 वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, आणि नकाराची कारणे अधिकाऱ्याला लेखी नोंदवावी लागतात.