चिडलेल्या रुग्णाला बांधून ठेवावे का?

घरातला माणूस अंगावर धावून आला की आधी दोरी आठवते. त्यामागे क्रूरपणा नसतो, भीती असते. राज्यातली चार जुनी मनोरुग्णालये नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवड्याला. मराठवाड्यात एकही नव्हते. नांदेड-लातूरच्या कुटुंबाला तिथवर रुग्ण नेणे सोपे नव्हते.

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना दिले जाऊ लागले. रुग्णाची आक्रमकता औषधाने शमू शकते, हे तेव्हा दिसले. तरी साखळी सुटली नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडीत आग लागली. साखळीने बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही. २८ जणांचा जीव गेला.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. रुग्णालयातही तात्काळ धोका टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, कमीत कमी वेळ रुग्णाला जखडता येते. त्याची कारणासह नोंद लागते. शिक्षा म्हणून तर कधीच नाही.

म्हणून आज परिचारिका आधी खुणा ओळखायला शिकतात: येरझाऱ्या, आवळलेल्या मुठी, चढलेला आवाज. तुम्हीही हेच करा. हळू बोला, वाद घालू नका, हातभर नव्हे तर दोन हात लांब राहा, दाराची वाट मोकळी ठेवा, विळा-काठी आधीच हलवा. जिवाला धोका वाटला तर मुलांना घेऊन बाहेर पडा आणि ११२ ला फोन करा.

नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आता मानसोपचार विभाग आहेत. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. दोरी शोधण्याआधी तो लावा.