हुंडी, पेठ आणि दुसरा कारभारी

संध्याकाळी दशाश्वमेध घाटावर आरतीचे दीप फिरू लागले, की पायऱ्यांवरील निम्मे हात जोडलेले असतात आणि निम्म्या हातांत फोन असतो. आमच्या शेजारी बसलेले नागपूरकडील एक गृहस्थ घरच्या वृद्ध मातोश्रींना फोनवरून आरती दाखवीत होते. हा घाट नानासाहेब पेशव्यांनी १७४८ च्या सुमारास बांधविला आणि १७७४ त अहिल्याबाई होळकरांनी त्याची पुन्हा उभारणी केली. त्या काळी काशीची वार्ता देशी पोहोचावयास आठवडे लागत. आता ती पापणी लवण्याच्या आत पोहोचते. पण वाटेतील एखादे यंत्र नेमके त्याच क्षणी बंद पडले तर? ही शंका आजची नव्हे.

दूरचा यात्रेकरू रोकड अंगावर बाळगण्याऐवजी सावकाराची हुंडी घेऊन निघे. ती गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत मिळे, तिला 'पेठ' म्हणत. पेठही हरवली तर 'परपेठ', आणि त्याही पुढे 'मेजर'. मात्र प्रती कितीही निघोत, पैसे एकदाच मिळत. प्रत मुळाइतकीच पूर्ण हवी, आणि अंमल एका वेळी एकीचाच हवा, ही दोन तत्त्वे आमच्या पेढ्यांना यंत्रयुगापूर्वीच उमगली होती.

टेलिफोनला ती उशिरा लागली. १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान ऑपरेटरच्या मध्यस्थीवाचून ट्रंक कॉल लागू लागले. स्ट्रोजर पद्धतीच्या एक्स्चेंजात नंबर जोडण्याचे काम असंख्य छोट्या फिरत्या कळांत वाटलेले असे. एक कळ बिघडली तर खोळंबा थोड्यांचाच होई, साऱ्या गावाचा नव्हे. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजे आली तेव्हा सारा कारभार एका मध्यवर्ती प्रोसेसरच्या हाती गेला. काम शीघ्र झाले खरे. पण कारभारी आजारी पडताच सारे दप्तर बंद! म्हणूनच मे १९६५ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात सकासना येथे जे एक्स्चेंज सुरू झाले, त्यात दोन प्रोसेसर एकच काम एकाच वेळी करीत आणि त्यांची उत्तरे ताडून पाहिली जात. चाळीस वर्षांत सारे मिळून दोन तासांहून अधिक काळ यंत्र बंद राहू नये, असे उद्दिष्ट होते. आपल्याकडे १९८४ त स्थापन झालेल्या सी-डॉटने १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे आपले ग्रामीण एक्स्चेंज बसविले. धूळ आणि उष्मा सोसून, वातानुकूलनावाचून चालणारी ही यंत्रे; पण सी-डॉटच्या एक्स्चेंजांतही नियंत्रणाची कार्डे दुहेरी ठेवण्याची पद्धत राहिली.

पुढे हीच व्यवस्था राउटरांत आली. बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या वाचकांस तिचे मर्म सांगावयास नको. नवा अधिकारी रुजू झाल्यावर पहिल्यापासून फायली उघडू लागला, तर कचेरीचे काम अडते. तो आधीपासून प्रत्येक टिपण वाचीत असेल, तर चार्ज केव्हा बदलला याचा कोणास पत्ताही लागत नाही. पूर्वीचे राखीव प्रोसेसर पहिल्या जातीचे. मुख्य पडल्यावर ते जागे होत आणि वाटांचे कोष्टक नव्याने मांडीत. पुढे चालू नोंदींची नक्कल क्षणोक्षणी त्यांच्याकडे जाऊ लागली. २००७ साली बीजीपी या मार्गविनिमयाच्या पद्धतीसाठी अशी तरतूद प्रसिद्ध झाली, की चार्ज बदलत असता शेजारच्या राउटरांनी जुन्या वाटा काही काळ तशाच चालू ठेवाव्यात.

तरीही दोनाचा आकडा म्हणजे अभय नव्हे. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीचा न्यूयॉर्क येथील एक स्विच क्षणभर बंद पडून सावरला. तो सावरल्याचे निरोप शेजाऱ्यांस गेले आणि प्रोग्राममधील एका बारीकशा चुकीमुळे तेच कोसळू लागले. राखीव प्रोसेसर पुढे आले; पण त्यांचा प्रोग्रामही तोच, चूकही तीच! लांब पल्ल्याचे ११४ स्विच एकमेकांना पाडीत राहिले आणि सुमारे नऊ तास कंपनीच्या जाळ्याची दैना झाली. एकाच पंतोजीकडे एकच चूक घोकलेले दोन विद्यार्थी एकमेकांस काय सुधारणार?

म्हणून आम्हांस वाटते, की राखीव माणूस असो वा यंत्र, त्याला नुसती खुर्ची देऊन भागत नाही. नोंदी त्याच्यापर्यंत रोज पोहोचल्या पाहिजेत, अधिकार एका वेळी एकाच्याच हाती राहिला पाहिजे, आणि सारे सुरळीत चालू असतानाच मधूनमधून चार्ज बदलून पाहिला पाहिजे. संकटाच्या दिवशी घेतलेली पहिली परीक्षा फार महाग पडते.

आरती संपली. गृहस्थांच्या मातोश्रींनी पलीकडून हात जोडलेले आम्ही पाहिले. त्या अर्ध्या घटकेत वाटेत कोठे कारभारी बदलला असेल वा नसेल. त्या माउलीला ते कळले नाही, आणि कळू नये यासाठीच तर हा सारा खटाटोप.