पूर फोडणारी भिंत

वाईच्या गणपती घाटावर आलेला प्रवासी ढोल्या गणपतीला हात जोडतो आणि परत फिरतो. देवळाच्या मागे सहसा कोणी जात नाही. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली हे देऊळ थेट कृष्णेच्या काठावर बांधले. पावसाळ्यात नदी अंगावर येणार हे उघड होते. म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती केली. पुराचा लोंढा तिच्यावर दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. होडीची नाळ पाण्यात जे काम करते, तेच इथे दगड करतो.

साताऱ्याजवळच्या लिंब गावी विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बारा मोटांची विहीर बांधली. सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची. वर महाल, कमानी, शिल्पे असा सारा थाट आहे. पण मूळ गरज एकाच वेळी बारा मोटा चालाव्यात आणि आमराईला पाणी मिळावे ही होती. थाट त्या गरजेच्या अंगाखांद्यावर वाढला.

आता सांगलीला येऊ. १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ चा पूरही त्यापुढे कमी ठरला. अशा नदीकाठच्या गावांतही आपण तळघरात वाहने ठेवतो, दर्शनी बाजूला काचा लावतो आणि विजेचे मीटर जिन्याखाली बसवतो. तळघरातले पाणी उपसायला पंप हवा, पंपाला वीज हवी आणि मीटर तर पाण्याखाली! पूर नसेल तेव्हा, एप्रिल-मेमध्ये, त्याच काचांवर पडदे ओढून आत वातानुकूलन यंत्र लावावे लागते.

जुने ते सगळे शहाणे होते, असे नाही. त्यांचे जे पडले, ते आज आपल्याला दिसत नाही. शिवाय रास्त्यांना चौरस फुटाच्या भावाने गाळे विकायचे नव्हते. पण जागा महाग झाली म्हणून नदी काही आपली वाट सोडत नाही. पुरात संसार भिजतो तो चित्र काढणाऱ्याचा नव्हे, राहणाऱ्याचा. तेव्हा घर घेताना इमारतीचे रंगीत चित्र जरूर पाहावे. मात्र पूररेषा कुठे आहे आणि मीटर किती उंचीवर आहे, हे सही करण्याआधी विचारावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)