पोटांतील धमनीचा फुगवटा

मनगटावर बोट ठेविलें असतां जी नाडी लागते, तिचेंच स्पंदन पोटांत खोलवर असलेल्या धमन्यांतहि अखंड चालूं असतें. एखाद्या ठिकाणीं धमनीची भिंत दुबळी झाली, म्हणजे रक्ताच्या दाबानें ती फुगूं लागते. वैद्यकांत यासच ‘अन्युरिझम’ म्हणतात. प्लीहा, यकृत व आंतडीं यांच्या धमन्यांवर हा फुगवटा क्वचित्‌च येतो. परंतु तो फुटला तर थोडक्या वेळांत पोट रक्तानें भरतें. प्लीहेच्या धमनीवरील फुगवटा गरोदरपणीं फुटल्यास तर माता व बालक दोघांच्याहि जिवावर बेततें.

१७७० सालीं बोसिए यानें प्लीहेच्या धमनीवरील फुगवट्याचें वर्णन केलें, तें शवविच्छेदनावरून. रोग कळावा तो रोगी गेल्यावर, अशी ती स्थिति होती!

१७८५ सालीं लंडन येथें जॉन हंटरनें, गुडघ्यामागें फुगवटा आलेल्या एका गाडीवानाच्या मांडींतील धमनी दोऱ्यानें बांधली. रक्तानें आडवाटा शोधल्या आणि पाय वांचला. १८१७ मध्यें ॲस्टली कूपरनें पोटांतील महाधमनीच बांधण्याचें धाडस केलें; पण रोगी दोन दिवसहि जगला नाहीं.

खरा प्रश्न हाच होता कीं, धमनी बांधली तर तिच्यावर पोसणाऱ्या अवयवाचें काय व्हावें? १९०३ सालीं हान्स केर या जर्मन शस्त्रवैद्यानें यकृताची धमनी बांधली व रोगी वांचला. कारण यकृतास प्रतिहारिणी शिरेंतूनहि रक्त मिळतें. प्लीहा तर काढून टाकली तरी मनुष्य जगूं शकतो. आंतड्यांचें तसें नाहीं. त्यांची मुख्य धमनी एकाएकीं बंद झाली तर तीं कुजण्याचें भय असतें.

हा पेंच सोडविण्यास शिवणकला उपयोगी पडली. रक्तवाहिन्या बारीक टांक्यांनीं जोडण्याची रीत आलेक्सिस कॅरेलनें सिद्ध केली. १९१२ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. १९५१ सालीं पॅरिसमध्यें शार्ल द्युबोस्तनें फुगलेली महाधमनी कापून तेथें मृत माणसाची धमनी शिवली. १९५३ मध्यें डीबेकी व कूली यांनीं आंतड्यांच्या धमनीवरील फुगवटा यशस्वी रीतीनें काढला.

आज पुष्कळदां पोट उघडावेंहि लागत नाहीं. जांघेंतील धमनींतून बारीक नळी सरकवून फुगवट्यांत तारेचीं वेटोळीं भरतां येतात. तथापि तीं भरण्यापूर्वीं शस्त्रवैद्यास हंटरच्या काळचाच प्रश्न पडतो: ही वाट बंद केली, तर पलीकडे रक्त कोणत्या वाटेनें पोहोंचेल?