बसलेले पाटे

माझे चुलते (आम्ही त्यांना आबा म्हणत असू) दुसऱ्या महायुद्धात आसामच्या आघाडीवर लष्करी ट्रक हाकीत. परत आल्यावर त्यांनी डिस्पोजलमधून एक जीएमसी ट्रक घेतला. आबा जाऊन कैक वर्षे लोटली; ट्रक मात्र गोठ्याशेजारच्या छपरात अजून उभा आहे. गेल्या वर्षी त्याचे डावे अंग इतके खाली आले, की खड्डा लागताच पुढचा आस वर येऊन चौकटीला धडका देऊ लागला. पुढचे पाटे बसले होते.

अमेरिकेत १९४१ ते १९४५ या काळात असे पाच लाखांहून अधिक ट्रक तयार झाले. कच्च्या रस्त्यावर अडीच टन हे त्यांचे ठरलेले ओझे. युद्धात ते कोण पाळतो? आसामातल्या लेडोहून पहिला काफिला १२ जानेवारी १९४५ रोजी निघाला आणि ४ फेब्रुवारीला चीनमधील कुनमिंगला पोचला. चिखलाचा, दरडींचा तो हजारांवर मैलांचा रस्ता. तो बांधताना अकराशेवर अमेरिकन माणसे दगावली. त्या अमेरिकन सैनिकांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. आपल्याकडच्या मजुरांचे मृत्यू मात्र तितक्या काळजीने कोणी मोजले नाहीत.

पाट्याची रचना साधी असते. लांबीने उतरते होत जाणारे पोलादी पाटे एकावर एक ठेवून मधोमध सेंटर बोल्टने आवळतात आणि यू-बोल्टने आसाला जखडतात. आखूड पाट्याला किंचित जास्त बाक दिलेला असतो, म्हणून ते एकमेकांना दाबून धरतात आणि त्यांच्या घासण्यातच धक्का जिरतो. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने हा बाक सरळ होत जातो. मध्ये गंज धरला की पाटे सरकेनासे होतात आणि एखादाच सगळा भार सोसून चिरतो.

मी प्रथम जवळच्या एका गॅरेजात गेलो. तेथे गॅसची ज्योत लावून पाटे लाल केले आणि वाकवून दिले. ट्रक झोकात उभा राहिला. दोन महिन्यांत पुन्हा होता तसा झाला. मग कोल्हापूरच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाटे पाहिले आणि म्हणाले, "पावनं, पाटा असा तापवला की त्याचं पाणी जातंय. मग नुसतं लोखंड राहतंय."

बिघडलेले दोन पाटे नव्या पोलादाचे करावे लागले. बाकीचे त्यांनी थंडच, खाचेच्या ऐरणीवर टप्प्याटप्प्याने ठोकून वाकवले. दर चार ठोक्यांनी उजव्या बाजूच्या पाट्याशी ताडून पाहिले. शॅकलच्या पिना आणि बुश नवे घातले, मध्ये ग्रीस भरले. यू-बोल्ट जुने वापरू दिले नाहीत. शेवटचे आवळणे ट्रक स्वतःच्या चाकांवर उभा केल्यावरच झाले.

पाटे सुटे करताना एक निराळाच निघाला. तो दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा. छिन्नीने कापून, टोके हाताने घडवून बसवलेला. मिस्त्रींनी त्याच्या कडेवरून नख फिरवले. बारीक चीर होती. "हे कारखान्याचं काम न्हवं," ते म्हणाले, "अडलेल्या माणसाचं हाय."

तो पाटा कोणी घडवला, आबांनीच की त्या रस्त्यावरच्या कोणा अनामिक लोहाराने? आबा युद्धाविषयी बोलत नसत. मीही कधी खोदून विचारले नाही. काफिल्यांच्या तारखा मी पुस्तकांतून गोळा केल्या, पण घरात बसलेल्या साक्षीदाराला एक प्रश्न विचारायचे राहून गेले, याची चुटपूट आता लागते.

चिरलेला पाटा परत बसवणे शक्य नव्हते. मी तो घरी आणला. ट्रक आता समपातळीत उभा आहे. पन्नास मैल चालवून यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळायचे, असे मिस्त्रींनी बजावले आहे. तेवढे अजून बाकी आहे.